द्यूतसभेतील आपले आसन

बडोद्याच्या आमच्या देवालयात चातुर्मासातील कीर्तनास बसण्याचा योग ज्यांना आला असेल, त्यांना एक गोष्ट हटकून आठवेल. द्रौपदीवस्त्रहरणाचे आख्यान लागलेले असते. पूर्वरंग आटोपून बुवा उत्तररंगात शिरलेले असतात. दुःशासनाचा हात पदराला भिडतो न भिडतो तोच बुवा थांबतात, झांज उचलतात आणि नामाचा गजर सुरू करतात. मृदंग चढत जातो, सभामंडप टाळ्यांनी भरून जातो. आणि तिकडे द्रौपदी तशीच उभी असते. पुढे काय होणार हे मंडपातील पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी हे आख्यान पन्नास वेळा ऐकलेले वृद्ध गृहस्थ भिंतीची टेक सोडून पुढे सरकून बसतात. कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर येथे कीर्तनाच्या मंडपात न शोधता दूरचित्रवाणीच्या पडद्यावर शोधावयाचे योजिले आहे. प्रसंग तोच आहे. बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत रविवारी सकाळी दूरदर्शनवरून दाखविली गेली. तिचे ९४ भाग झाले. दिग्दर्शनात त्यांच्यासमवेत त्यांचे चिरंजीव रवि चोप्रा होते, संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे होते, संगीत राजकमल यांचे. त्यातील द्यूताचा आणि वस्त्रहरणाचा प्रसंग हा भारतीय दूरचित्रवाणीवरील आजवरच्या अत्यंत तणावपूर्ण प्रसंगांपैकी एक होय, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा. हा तणाव कॅमेऱ्याने, संकलनाने आणि ध्वनीने नेमका कसा निर्माण केला, आणि कोठे तो हातचा घालविला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

दांडिया बाजारातील ज्या वाड्यात आम्ही तेव्हा राहत होतो, तेथे दूरचित्रवाणीचा संच एकच होता, तोही कृष्णधवल. रविवारी स्नाने उरकून, क्वचित संचाला फूल वाहून, बिऱ्हाडे त्या एका खोलीत जमत. यात हसण्यासारखे काही होते असे मला त्या वेळीही वाटले नाही. ज्या शहराने १९९१ साली ‘रामायण’ मालिकेतील सीतेला, म्हणजे दीपिका चिखलिया यांना, लोकसभेवर निवडून पाठविले, त्या शहरात पडद्यावरची प्रतिमा किती खोल उतरली होती हे निराळे सांगावयास नको. परंतु द्यूताच्या त्या रविवारी मी जे पाहिले ते नुसत्या भाविकतेने उलगडत नाही. शेजारच्या काकू दुःशासन पुढे येताच पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “अगो बाई, आता पुरे करा रे!” त्या कोणाला म्हणाल्या? दुःशासनाला? दिग्दर्शकाला? की खोलीत मुकाट बसलेल्या आम्हा सर्वांना? हा प्रश्न मला पुढे अनेक वर्षे पुरला. २०२० च्या वसंतात, सारे घरात अडकून पडलेले असताना, दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखविली; तेव्हा तो प्रसंग मी वहीपेन्सिल घेऊन पाहिला.

उत्कंठेविषयी बोलताना आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाचा दाखला देण्याची प्रथा आहे. दोन माणसे मेजाशी बसून गप्पा मारीत आहेत. मेजाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला तो ठाऊक नसेल तर स्फोटाचा धक्का क्षणभराचा; ठाऊक असेल तर त्याच क्षुल्लक गप्पा असह्य होतात. हे विवेचन मार्मिक आहे, परंतु आमच्या प्रसंगाला ते पुरे पडत नाही. येथे बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि तो फुटणार नाही हेही ठाऊक आहे! वस्त्र संपणार नाही, लाज राखली जाणार, हे जाणूनच तो बसलेला आहे. मग ताण कशाचा? माझे उत्तर असे की, हा ताण ‘काय होईल’ याचा नाही. ‘हे आपण किती वेळ बसून पाहणार’ याचा आहे. चांगला दिग्दर्शक प्रेक्षकाला या सभेत एक आसन देतो आणि त्या आसनावरून उठू देत नाही. काकूंचे उद्गार त्या आसनावरून निघालेले होते.

हे आसन देण्याची कला आपल्याकडे दूरचित्रवाणीने आणली असे मात्र नव्हे, आणि तिच्या वंशावळीत बडोद्याचे नाव मोठे आहे. सयाजीराव महाराजांसाठी राजा रविवर्म्याने १८८८ ते १८९० या काळात जी पौराणिक चित्रे रंगविली, त्यांत द्रौपदीवस्त्रहरणाचे चित्र आहे. चित्रकार एकच क्षण गोठवितो. त्या क्षणापुढे आपण उभे राहतो आणि आपला डोळा स्वेच्छेने हिंडतो. द्रौपदीकडे पाहवले नाही तर तो अलंकारांकडे जातो, वस्त्राच्या पोताकडे जातो, तेथे विसावतो. चित्रापुढचा प्रेक्षक स्वतंत्र आहे. कोणता चेहरा आधी पाहावा, कोणता नंतर, किती वेळ, हे त्याचे तो ठरवितो. हे स्वातंत्र्य काढून घेतले की चित्रपट सुरू होतो.

ते काढून घेणारा आपल्याकडील पहिला थोर पुरुषही याच शहरात शिकला, हा योगायोग सुखद आहे. धुंडिराज गोविंद फाळके १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात दाखल झाले. चित्रकला, शिल्प आणि छायाचित्रण यांचे पाठ त्यांनी येथे घेतले. पुढे रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काही काळ काम केले. तेव्हा रविवर्म्याच्या स्थिर देवतांना चालते करण्याचे कार्य त्यांच्याकडे यावे हे स्वाभाविकच होते. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली आहे. कृष्ण डोहात उडी घेतो. खाली पाण्यात कालियाशी झुंज चालते. वर काठावर गोकुळ व्याकुळ होऊन उभे आहे. फाळके एकदा झुंज दाखवितात, एकदा काठ, पुन्हा झुंज, पुन्हा काठ. कृष्ण बुडणार नाही हे त्या वेळच्या मुंबईतल्या कोणत्या प्रेक्षकाला ठाऊक नव्हते? परंतु काठावरच्या माणसांना ते ठाऊक नाही, आणि संकलन आपल्याला पुनःपुन्हा त्यांच्यातच नेऊन उभे करते. चित्रपट मुका होता. तरी तेथेच ही युक्ती सिद्ध झालेली दिसते.

आता चोप्रांच्या सभेकडे वळू. प्रथम कॅमेरा.

दूरचित्रवाणीचा त्या काळचा पडदा लहान. एवढ्याशा चौकटीत भरलेली राजसभा दाखविली तर माणसे बाहुल्यांएवढी दिसतात आणि कोणाचे काय चालले आहे ते कळत नाही. म्हणून या माध्यमाला चेहऱ्याचा आश्रय करावा लागला. समीपदृश्य, म्हणजे आपण ज्याला सरसकट क्लोज-अप म्हणतो ते, येथे गरजेतून आले; आणि ही गरजच या प्रसंगाच्या पथ्यावर पडली. द्यूतसभेचा विषयच मुळी चेहरे हा आहे. कृती करणारे तिघेचौघे आहेत; बाकी सारे पाहणारे. भीष्म, द्रोण, कृप, धृतराष्ट्र, खाली बसलेले पाच पांडव. कॅमेरा दुःशासनाकडून निघतो तो या पाहणाऱ्यांकडे जातो आणि तेथे रेंगाळतो. जो काही करीत नाही त्याच्या मुखावर रेंगाळणे, ही या प्रसंगाच्या छायाचित्रणातील मर्माची गोष्ट आहे.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव याचा एक प्रयोग चित्रपटाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपाच्या ताटलीनंतर जोडला, एकदा शवपेटिकेनंतर; प्रेक्षकांना एकदा त्यात भूक दिसली, एकदा शोक. मुकेश खन्ना यांच्या भीष्मांचे या प्रसंगात तसेच काहीसे होते. त्यांची मुद्रा फारशी बदलत नाही, आणि अभिनय म्हणून तिच्यावर टीका करावयाची तर करता येईल. परंतु ती मुद्रा दुर्योधनाच्या हास्यानंतर आली की आपण तीत संताप वाचतो. द्रौपदीच्या प्रश्नानंतर आली की लज्जा वाचतो. विकर्णासारखा तरुण उठून बोलू लागल्यानंतर आली की वृद्धाची हतबलता वाचतो. वाचणारे आपण. भीष्मांच्या जागी आपणच आपल्याला शोभेल तो भाव भरीत असतो, आणि असे भरता भरता त्यांच्या शेजारी जाऊन बसलेले असतो.

प्रकाशयोजनेविषयी एरवी मी तक्रार केली असती. सभेत सर्वत्र सारखा लख्ख उजेड आहे. सोनेरी खांब, झगमगते मुकुट, कोठे सावली नाही. चित्रपटाच्या दृष्टीने हे सपाट. पण विचार करता असे वाटते की सावली नाही म्हणून तोंड लपवावयास जागाही नाही. हे हेतुपूर्वक केले असेल असे मी म्हणत नाही. घडले ते बरे घडले. झूम भिंगाविषयी मात्र इतके उदार होता येत नाही. त्या काळच्या मालिकांना चेहऱ्यावर झपकन धावून जाण्याचा मोठा सोस होता, आणि ही मालिकाही त्यातून सुटलेली नाही. वाक्याच्या शेवटी तीन उद्गारचिन्हे देणारा लेखक आणि प्रत्येक शपथेवर झूम करणारा छायाचित्रकार हे सख्खे भाऊ होत.

संकलनाचा विचार करताना आधी व्यासांकडे जावे लागते, कारण या प्रसंगाचे पहिले संकलन त्यांनी केलेले आहे आणि ते अजूनही कोणाला मागे टाकता आलेले नाही. सभापर्वातील द्यूत ज्यांनी मुळातून वाचले असेल त्यांच्या ध्यानात आले असेल की फासे पडल्याचे वर्णन तेथे जवळजवळ नाहीच. युधिष्ठिर पण लावतो. शकुनी ‘जिंकले’ म्हणतो. पुन्हा पण; पुन्हा ‘जिंकले’. धन, रथ, दासदासी, भाऊ, स्वतः, पत्नी. मधला फाशांचा क्षण व्यासांनी कापून टाकला आहे. पालुपदासारखे ते एकच उत्तर इतक्या वेगाने येऊन आदळते की राजा विचार करावयास उसंत घेत नाही आणि वाचकालाही ती मिळत नाही. चोप्रांनी नेमके उलट केले. त्यांनी तो कापलेला क्षणच रुंद केला. गूफी पेंटल यांचा शकुनी फासे तळहातांत घोळवितो, घासतो, एक डोळा बारीक करून समोर पाहतो, मग फासे घरंगळतात, मग चेहरे, आणि त्यानंतर निकाल. व्यासांचा ताण वेगाचा आहे, चोप्रांचा विलंबाचा. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणता असे कोणी विचारल्यास मी व्यासांकडे बोट दाखवीन. परंतु डोळ्यांपुढे घडणाऱ्या कलेला विलंबाचा मार्गच अधिक मानवतो हेही खरे. फासा घरंगळत असताना आपल्याला एक वेडी आशा वाटते की या वेळी तरी तो उलटा पडावा. ठाऊक असलेल्या कथेत अशी आशा उत्पन्न करणे ही साधी गोष्ट नव्हे.

दुसरे स्थळ प्रातिकामीचे. दुर्योधन द्रौपदीला आणावयास सूताला, म्हणजे प्रातिकामीला, धाडतो. ती त्याला प्रश्न देऊन परत पाठविते: आधी स्वतःला हरलात की मला? तो सभेत येतो, प्रश्न सांगतो. पुन्हा पाठविला जातो. पुन्हा रिकामा येतो. आणि शेवटी दुःशासन उठतो. अंतःपुर आणि सभा, सभा आणि अंतःपुर! फाळक्यांच्या डोहाकाठची तीच ये-जा. प्रत्येक फेरीत दोन स्थळांतले अंतर कमी होत जाते, आणि अखेरीस ती एकच होतात तेव्हा ती केसांना धरून सभेत ओढली गेलेली असते. चोप्रांनी ही ये-जा घाई न करता दाखविली याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. रूपा गांगुली यांची द्रौपदी या फेऱ्यांत आधी चकित, मग क्रुद्ध, मग तर्कशुद्ध होत जाते. सभेत ती आली म्हणजे केवळ रडणारी स्त्री येत नाही, तर उत्तर मागणारी स्त्री येते. उत्तर मागितले गेले आहे आणि कोणी देत नाही, हा या सभेतील ताणाचा सर्वांत कठीण गाठाळ भाग.

आणि संकलनाचे एक हत्यार असे की ज्याची नोंद कोठल्याच संकलकाच्या नावावर होत नाही: आठवडा. हा प्रसंग एका बैठकीत संपला नाही. तो अनेक रविवारांवर पसरला. फासे पडले, भाग संपला, आणि आपण सात दिवस दुकानात, कचेरीत, स्वयंपाकघरात ती सभा डोक्यावर घेऊन वावरलो. मंडईत भाजी घेताना दोन अनोळखी माणसे युधिष्ठिराच्या चुकीवर वाद घालीत असलेली मी ऐकली आहेत. हा बुवांचा गजरच होता, मात्र सात दिवसांचा. २०२० साली रोजच्या रोज भाग दाखविले गेले तेव्हा ही जागा भरून गेली आणि तोच प्रसंग मला किंचित पातळ वाटला.

ध्वनीविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. कारण माझ्या मते या प्रसंगाची किल्ली तेथे आहे.

या सभेचा अध्यक्ष आंधळा आहे. ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की तिचा अर्थ विसरतो. धृतराष्ट्र काहीही पाहत नाही. तो सारे ऐकतो. फासे कोणत्या बाजूने पडले हे त्याला दिसत नाही, म्हणून व्यासांचा धृतराष्ट्र पुनःपुन्हा विचारतो, जिंकले का? आणि विचारताना आपला हर्ष त्याला लपविता येत नाही. साऱ्या महाभारतात माणसाचे अंतरंग इतके उघडे पाडणारी स्थळे थोडीच असतील. पडद्यावर गिरिजाशंकर यांनी ही भूमिका केली. त्यांची नजर शून्यात असते, परंतु मान आवाजाच्या दिशेने वळते, आणि ओठ ऐकण्याबरोबर हलू पाहतात. त्यांच्या मुखावर कॅमेरा स्थिर झाला की क्षणभर आपणही डोळ्यांनी पाहणे सोडून कानांनी पाहू लागतो. फाशांचा खुळखुळाट, पावलांचा आवाज, नूपुरांचा झणत्कार, ओढल्या जाणाऱ्या वस्त्राची सळसळ. जे दिसते त्यापासून मान फिरविता येते. जे ऐकू येते त्यापासून नाही. कानांना पापण्या नाहीत.

व्यासांना हे पक्के ठाऊक होते. या प्रसंगाच्या शेवटी धृतराष्ट्राच्या अग्निहोत्रशाळेत कोल्हा ओरडतो, गाढवे त्याला साद देतात, भीषण पक्षी ओरडतात. आणि ते ऐकून विदुर आणि गांधारी व्याकुळ होऊन राजाला सावध करतात. नीतीच्या वचनांनी जे झाले नाही ते ध्वनीने केले! द्रौपदीचा प्रश्न ज्याच्या कानांवरून ओघळून गेला, त्याला कोल्ह्याच्या हुंकाराने घाम फुटला. पार्श्वध्वनीचा याहून मोठा उपयोग मला कोणत्याही चित्रपटात आढळलेला नाही.

या पार्श्वभूमीवर मालिकेच्या संगीताकडे पाहिले की थोडी निराशा होते. राजकमल यांचे संगीत अन्यत्र या मालिकेला फार शोभले आहे. शीर्षकगीत घराघरांत गेले, आणि काळचक्राबरोबर येणारा हरीश भिमानी यांचा ‘समय’ हा आवाज तर मालिकेचे अर्धे गांभीर्य एकटा पेलतो. परंतु सभेत वाद्यांना जरा जास्तच बोलू दिले आहे. दुर्योधन हसला, वाद्ये गडगडली. भीमाने हात उगारला, वाद्ये पुन्हा गडगडली. आता क्रोध करा, आता करुणा येऊ द्या, असे कोणी तरी मागून आपल्या खांद्यावर टकटक करून सांगत असल्यासारखे वाटते. ज्या क्षणी द्रौपदी आपला प्रश्न विचारून थांबते आणि उत्तर येत नाही, त्या क्षणी खरोखर काहीच वाजू नये. तेथे जी शांतता असते ती आपली असते. ती वाद्याने भरली की सभेतल्या मौनाचा आरोप आपल्यावरून उठतो. आपण ‘संगीत ऐकणारे’ होतो आणि आसनावरून अलगद सुटतो. जेथे जेथे वाद्ये थांबली आहेत आणि केवळ माणसांचे श्वास व पावले उरली आहेत, तेथे तेथे हा प्रसंग आजही अंगावर येतो.

आजच्या दैनिक मालिकांविषयी येथे दोन शब्द अप्रस्तुत होणार नाहीत. तेथे एक धक्का बसला की तोच चेहरा तीन वेळा, तीन बाजूंनी, विजेच्या कडकडाटासह दाखविण्याचा परिपाठ पडला आहे. मग घरातील प्रत्येक माणसाचा चेहरा त्याच कडकडाटात. याला ताण म्हणत नाहीत. हा ताणलेला कालावधी आहे. बुवांच्या गजराशी त्याची तुलना करणे म्हणजे बुवांवर अन्याय. गजरात काळ थांबतो पण श्रोता काहीतरी करीत असतो; टाळी वाजवितो, नाम घेतो. येथे तो केवळ वाट पाहतो.

अशीच गत पूर्वी आमच्या संगीत रंगभूमीची होई. खाडिलकरांचे ‘संगीत द्रौपदी’ १९२० साली रंगभूमीवर आले, द्रौपदी बालगंधर्वांची. ज्या गंधर्व नाटक मंडळीला बडोद्याचा राजाश्रय होता तिचेच हे नाटक. त्या काळी पदाला वन्समोअर पडला की कथा तेथेच उभी राही. ही रसिकता होती खरी, परंतु वन्समोअर मागणारा श्रोता सभेतून उठून नाटकगृहात परत आलेला असतो, हे कबूल केले पाहिजे.

आता ज्या स्थळाविषयी लिहावयास मी कचरत होतो तेथे येणे भाग आहे. द्रौपदी हात जोडते, डोळे मिटते, कृष्णाचा धावा करते. पडद्याच्या वरच्या भागात नितीश भारद्वाज यांचे श्रीकृष्ण प्रकट होतात, त्यांच्या हातातून वस्त्र वाहू लागते, दुःशासन ओढून ओढून कोसळतो. तंत्राच्या दृष्टीने ही एकावर एक छापलेली दोन चित्रे, आणि आजच्या नजरेला त्यांची शिवण दिसते. माझा आक्षेप शिवणीला नाही. श्रीकृष्ण सभेच्या त्याच अवकाशात, आपल्याला समोर दिसतील असे उभे केले, त्याच क्षणी ताण सुटला. आपण सुटकेचा निःश्वास टाकला, हात जोडले, आणि सभासद होतो तेथून भाविक झालो. भीष्म, द्रोण यांच्या शेजारचे आपले आसन रिकामे झाले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितांनी केले. हस्तलिखितांच्या साक्षीवरून त्यांनी हा धावा मुख्य संहितेत न ठेवता पाठभेदांत ठेवला. त्या संहितेत एक वस्त्र जाते आणि तसेच दुसरे प्रकट होते. ते कोण देतो हे सांगितलेले नाही. धाव्यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना दुखविण्यासाठी मी हे लिहीत नाही. तीच श्रद्धा माझ्याही घरात आहे. मला केवळ एवढेच दाखवावयाचे आहे की प्रसंगाचे दोन घाट परंपरेतच आहेत. एकात देणारा हात अदृश्य आहे, आणि म्हणून सभेतील प्रत्येकाला, प्रेक्षकालाही, आपण काय केले याचा जाब स्वतःपाशीच द्यावा लागतो. दुसऱ्यात हात दिसतो. दूरचित्रवाणीने दुसरा निवडला. दुसरे काही निवडणे तिला त्या काळी शक्य होते असेही मला वाटत नाही.

हे विचार मी मागच्या एकादशीला देवळाच्या पायरीवर आमच्या मामांपुढे मांडले. हे मूळचे मडगावचे, बडोद्यात आयुष्य गेलेले. साऱ्या समाजात वयोवृद्धांना ‘माम’ म्हणतात तसे आम्हीही त्यांना म्हणतो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या कोंकणीत म्हणाले, “आमकां देव दिसलो, आनीक कितें जाय?” मी म्हणालो, “माम, पण बुवा कीर्तनात देव दाखवीत नाहीत; गजर करतात आणि आपण डोळे मिटतो.” त्यावर ते म्हणाले, द्रौपदीनेही डोळे मिटलेलेच होते, मिटल्या डोळ्यांना तिला जे दिसले तेच त्या पडद्यावाल्यांनी आपल्याला दाखविले, त्यात चुकले कोठे?

हा युक्तिवाद मला अनपेक्षित होता. तो मान्य केला तर आक्षेप दाखविण्याला राहत नाही, जोडणीला राहतो. तिच्या मिटल्या डोळ्यांवरून सरळ श्रीकृष्णांवर, आणि तेथून पुन्हा तिच्याच मुखावर संकलन आले असते, तर ते दर्शन तिचे राहिले असते. सभेला काहीच दिसले नसते, आणि भीष्मांच्या रांगेत बसलेल्या आपल्यालाही ते चोरून पाहिल्यासारखे झाले असते. परंतु सभा, दुःशासन आणि देव हे तिन्ही एकाच चौकटीत आले की ते दर्शन कोणाचे, हा प्रश्न उरतोच. मी तसे मामांना म्हणालो. ते हसले, काठी उचलली, आणि “आरत सुरू जाली” एवढे बोलून आत गेले.